गाणे तेच, मग ऐकू वेगळे का येते?

जुनी मराठी भावगीते तुमच्या कानांवर पडतच असतात. घरातील वडीलधारी माणसे ती मोबाइलवर लावतात, गणपतीच्या दिवसांत ती मंडपात वाजतात. एकच गाणे एका ठिकाणी गोड आणि जवळचे वाटते, तर दुसऱ्या ठिकाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. आजोबा म्हणतात, “रेकॉर्डवर जी मजा होती ती आता नाही.” तुम्ही म्हणता, “रेकॉर्डवर केवढी ती खरखर!” या दोघांपैकी बरोबर कोण?

हा केवळ आवडीनिवडीचा वाद नाही. त्याचा बराचसा निकाल भौतिकशास्त्र लावू शकते. गायकाच्या गळ्यापासून आपल्या कानापर्यंत येताना गाणे ज्या ज्या माध्यमातून जाते, ते प्रत्येक माध्यम त्यातील काही गाळते आणि स्वतःचे काही त्यात मिसळते. काय गाळले गेले आणि काय मिसळले, हे मोजता येते. या लेखात आपण तेच पाहू.

कर्ण्यासमोरचे गाणे

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा ना मायक्रोफोन होता, ना प्रवर्धक. गायिका एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी एक पातळ पडदा असे. आवाजाने तो थरथरला की त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी खाच कोरी. त्या मेणावरून धातूचा साचा करीत आणि साच्यावरून तबकड्या दाबून काढीत.

आपला कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकतो. कर्णा आणि पडदा यांना मात्र ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पेलत असे. ‘स’ या वर्णातील सीत्कार ४,००० हर्ट्झच्या वरचा, ‘श’चा त्याहून थोडा खालचा. म्हणजे दोन्ही बहुतांशी गळले! म्हणूनच त्या काळच्या तबकड्यांवर ‘स’ आणि ‘श’ वेगळे ओळखणे कठीण जाते. १९२५ साली मायक्रोफोन वापरून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत ते आपल्याकडेही आले. वरची मर्यादा आता ५,००० हर्ट्झच्या आसपास गेली. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ यांचे गाणे या दोन्ही पद्धतींनी मुद्रित झाले आहे. त्यांची १९०५च्या सुमाराची आणि १९३०च्या दशकातील ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकलीत, तर पडदा दूर झाल्यासारखे वाटेल.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. तो २५० हर्ट्झच्या खाली आहे. मग कर्ण्याच्या तबकडीवर तो ऐकू येतो कसा?” प्रश्न उत्तम आहे. कोणताही स्वर एकटा नसतो. १३९च्या बरोबर त्याच्या दुपटीचा २७८, तिपटीचा ४१७, चौपटीचा ५५६ असे उपस्वर असतात. त्यांतील प्रत्येक दोहोंमधील अंतर १३९ आहे. मेंदू हे अंतर ओळखतो आणि तबकडीत नसलेला मूळ स्वर आपण होऊन ऐकतो. जुन्या गाण्याचा आनंद अर्धा तबकडीत आणि अर्धा आपल्या मेंदूत असतो, तो असा.

सव्वातीन मिनिटांची चौकट

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. एका बाजूस गाणे सुमारे सव्वातीन मिनिटे चाले. आता थोडे गणित करू. ७८ × ३.२५ म्हणजे सुमारे २५३ फेरे. खाचेसाठी मिळणारी जागा साधारण ७ सेंटिमीटर रुंदीची. म्हणजे दोन शेजारच्या खाचांत सुमारे ०.२८ मिलिमीटर अंतर. खाचा याहून फार जवळ आणल्या, तर मोठ्या आवाजाच्या वेळी एका खाचेचे वळण शेजारच्या खाचेत घुसेल. तबकडी सावकाश फिरवली, तर खाचेतील लाटा एवढ्या बारीक होतील की जाड सुईला त्या वाचताच येणार नाहीत. म्हणून सव्वातीन मिनिटे!

या मर्यादेने संगीताचे रूपच घडविले. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारे नाट्यपद तबकडीसाठी आटोपशीर करावे लागले. १९३०च्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि मराठी भावगीताची वाट रुळली. ध्रुपद, दोन-तीन कडवी, मधे थोडे वाद्यसंगीत, आणि गाणे संपले. भावगीताचा हा नेटका बांधा आपल्याला आज स्वाभाविक वाटतो. पण कवी आणि संगीतकार यांच्याबरोबर तो दहा इंची तबकडीनेही घडविला आहे.

ही चौकट नसती तर काय झाले असते, याचे उदाहरणही मराठीतच आहे. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात ५६ गीते सादर झाली. रेडिओला सव्वातीन मिनिटांचे बंधन नव्हते, त्यामुळे गीते अनेक कडव्यांची झाली. रेडिओवर ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशा वेगवेगळ्या गायकांनी गायिली होती. पुढे लाँग प्ले तबकड्यांचा संच निघाला, तो एकट्या फडक्यांच्या आवाजात. बहुतेक घरांत आज ‘गीतरामायण’ म्हणजे फडक्यांचाच आवाज, याचे एक कारण हे की विकत घेऊन पुन्हा पुन्हा ऐकता येईल असे रूप त्या आवाजाला मिळाले. पुनर्प्रकाशन गाण्याची आठवणसुद्धा बदलते, ते असे.

फेरे आणि पट्टी

तबकडी ठरलेल्या वेगाने फिरली नाही तर काय होईल? वेग वाढला की दर सेकंदाला सुईखालून अधिक लाटा जातील, म्हणजे स्वर चढेल आणि गाणे लवकर संपेल. चावीच्या ग्रामोफोनची चावी उतरत आली की गायक रडू लागतो, त्याचे कारण हेच. पेटीवरील लगतच्या दोन स्वरांच्या वारंवारतांचे गुणोत्तर सुमारे १.०५९ असते. ७८ × १.०५९ = ८२.६. तेव्हा ७८ऐवजी ८२.६ फेरे झाले, तर काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागेल!

ही अडचण नुसती कागदावरची नाही. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. कोणी ७४, कोणी ८० असा वेग ठेवी. पुनर्प्रकाशन करणाऱ्याने डोळे मिटून ७८ फेरे ठेवले, तर गायकाची पट्टी बदलते, आवाजाची जात बदलते, तानेची चपळाईसुद्धा बदलते. अमुक गायकाचा आवाज “बारीक” होता असे आपण म्हणतो, तेव्हा दोष कधी कधी मोटारीचा असतो.

लाँग प्ले आणि कॅसेट

१९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. लाखेऐवजी व्हायनिल नावाचे गुळगुळीत प्लॅस्टिक, मिनिटाला ३३⅓ फेरे, बारीक खाच आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे. ७८च्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी भरलेली असे. तिच्यावर पोलादी सुई घासली की खरखर व्हायचीच. व्हायनिलने ती बरीच कमी केली. भावगीतांच्या दृष्टीने आणखी एक बदल झाला. पूर्वी एकेकटी विकली जाणारी गाणी आता दहा-बारांच्या संचात आली. कोणत्या गाण्यानंतर कोणते, हे निवडणाऱ्याने ठरविले, आणि ज्या गाण्यांना संचात जागा मिळाली नाही ती हळूहळू विस्मरणात गेली.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. १९८०च्या दशकात ती आपल्याकडे खेडोपाडी पोहोचली. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर सरकते. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट फितीवर किती जागा घेईल? ४.७६ भागिले १०,०००, म्हणजे ०.०००४७६ सेंटिमीटर, मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग! फीत आणि वाचणारे चुंबकीय शीर्ष यांच्यामध्ये धुळीचा कण आला, किंवा शीर्ष किंचित तिरके झाले, की एवढ्या बारीक लाटा पुसल्या जातात आणि गाणे घोंगडीतून आल्यासारखे वाटते. मात्र कॅसेट स्वस्त होती, घरी मुद्रण करता येत होते, म्हणून जुनी गाणी तिने घरोघर नेली. त्याच काळात जुन्या गाण्यांवर विजेच्या वाद्यांचा ठेका चढवून ‘झंकार’ नावाने कॅसेटी निघू लागल्या. मूळ तबल्याचा नाजूक ठेका त्या दणदणाटाखाली बुडाला, हे सांगायला नकोच. तसेच अनेक कॅसेटींत गाणे जुने पण गायक नवा असे. वेष्टनावरचे नाव वाचून घेणे हाही शास्त्रीय सवयीचाच भाग आहे.

आकड्यांतले गाणे

१९८२ साली सीडी आली. तिच्यावर खाचेची लाट नसते, आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजून ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवितात. मोजमापे वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असली की लाट पुन्हा तंतोतंत उभी करता येते. २०,०००ची दुप्पट ४०,०००, म्हणून ४४,१०० पुरेसे. सव्वातीन मिनिटांचे गाणे दोन वाहिन्यांत असे नोंदविण्यास सुमारे ३ कोटी ४४ लाख बाइट लागतात. १९९०च्या दशकात आलेल्या एमपी-३ पद्धतीत तेच गाणे सुमारे ३१ लाख बाइटांत बसविता येते. मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज कानाला कळत नाही, या तत्त्वावर ही पद्धत बरीच माहिती टाकून देते. आता गंमत पाहा. खरखरीत कोणतीही पुनरावृत्ती नसते, म्हणून ती थोड्या आकड्यांत मांडणे सर्वांत कठीण. खरखर असलेले जुने गाणे फार दाबून बसविले, तर बरीच जागा खरखरच खाते आणि गाण्याच्या वाट्याला कमी येते.

आता सुरुवातीच्या वादाकडे वळू. आजोबांनी ही गाणी बहुधा मध्यम लहरींच्या रेडिओवर ऐकलेली असतात. आमच्या पाली-रत्नागिरीकडे तर रेडिओ हाच घराघरांतला गवई होता. मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात, त्यामुळे गाण्याच्या वाट्याला सुमारे ४,५०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा येतो. ७८च्या तबकडीतील गाणेही जवळजवळ तेथेच संपते. त्याच्यावर असते ती बहुतांशी खरखर, आणि ती रेडिओ आपोआप कापून टाकी. आज तुम्ही तेच गाणे २०,००० हर्ट्झपर्यंत इमानाने वाजविणाऱ्या साधनावर ऐकता. ५,०००च्या वर गाणे जवळजवळ नाहीच. तुमचे उत्तम साधन त्या रिकाम्या जागेतील खरखर मात्र इमानाने ऐकविते! तेव्हा आजोबाही बरोबर आणि तुम्हीही बरोबर. दोघांनी ऐकलेली खाच एकच. मधली गाळणी निराळी. उपायही सोपा आहे. साधनावरील वरच्या पट्ट्याचे बटण थोडे उतरवून पाहा.

पुनर्प्रकाशन म्हणजे निवड

जुने गाणे नव्या रूपात आणणाऱ्याला पावलोपावली निवड करावी लागते. धातूचा साचा शिल्लक आहे की झिजलेल्या तबकडीवरून काम भागवायचे? वेग किती ठेवायचा? खरखर किती काढायची? खरखर कमी करण्यासाठी ३,००० हर्ट्झच्या वरचे सारे कापले, तर ‘स’, ‘च’ हे वर्ण बोथट होतात, तंबोऱ्याची झार जाते, तबल्याच्या चाटीची धार जाते. गाणे स्वच्छ होते, पण घासून घासून कल्हई उडालेल्या भांड्यासारखे. शिवाय हल्ली गाणे अधिक जोरकस वाटावे म्हणून लहान आवाज मोठ्याच्या जवळ आणून ठेवतात. मग हलकेच घेतलेली जागा आणि खुला लावलेला षड्ज सारखेच मोठे ऐकू येतात.

येथे एक नियम लक्षात ठेवा. मूळ खाचेत जे उमटलेच नाही, ते कोणत्याही यंत्राने परत येत नाही. संगणक अंदाजाने वरचे उपस्वर भरू शकतो, पण ते जुन्या छायाचित्रात रंग भरण्यासारखे आहे. साडीचा खरा रंग त्यातून कळत नाही. उलट, खाचेत जे उमटले आहे ते निष्काळजी पुनर्प्रकाशनात नाहीसे होऊ शकते. म्हणून “नवे ते चांगले” आणि “जुने तेच खरे” ही दोन्ही वाक्ये घाईची आहेत.

माळ्यावरची तबकडी

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पुनर्प्रकाशन झाले म्हणजे मूळ तबकडीचे काम संपले, असे नाही. पोलादी सुईने खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर झिजविलेली असते. निराळ्या जाडीची सुई घेतली तर ती त्याच भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकते, आणि पूर्वी न ऐकलेले स्वर ऐकू येतात. उद्या याहून चांगले तंत्र निघेल. पण त्यासाठी तबकडी शिल्लक हवी. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था निघाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकीचे अभ्यासक सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम वर्षानुवर्षे सांभाळले. तबकड्या जपणे हे भौतिकशास्त्रज्ञालाही आपले काम वाटले, हे ध्यानात घ्या.

कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही तबकड्या सापडतात. भंगारवाल्याला त्या देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाळा. तबकड्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. कौलांखालच्या वा पत्र्याखालच्या उन्हाने त्या वाकतात, म्हणून सावलीत ठेवा. पावसाळ्यात कागदी वेष्टनाला आणि कॅसेटच्या फितीला बुरशी येते. वेष्टने कोरडी ठेवा आणि बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालू नका. ७८ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका! सुतार लाकडाला जे पॉलिश लावतो ते स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाखच असते. म्हणजे स्पिरिट लावले की तबकडीचे पॉलिश होऊन गाणे निघून जाईल. ओलसर मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवा आणि मधला कागद भिजू देऊ नका. तसेच ७८ची तबकडी लाँग प्लेच्या बारीक सुईने वाजवू नका. ती सुई खाचेच्या तळाशी जाऊन तेथील मळच वाचत बसते.

करून पाहा

१. एकाच जुन्या गाण्याची दोन निरनिराळी पुनर्प्रकाशने मिळवा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंतचा काळ दोन्हींत मोजा. एकात १९० सेकंद आणि दुसऱ्यात १८५ सेकंद आले आणि मधे काही कापलेले नसेल, तर वेगांचे गुणोत्तर काढा. पेटीवर दोन्हींचे षड्ज शोधून उत्तर पडताळा.

२. दोन्हींत ‘स’, ‘श’, ‘च’ असलेले शब्द ऐका आणि कोणत्या प्रतीत ते अधिक स्पष्ट आहेत ते नोंदवा. मग दोन कडव्यांमधली खरखर ऐका. खरखर कमी असलेल्या प्रतीतच वर्ण बोथट झाले आहेत का?

३. ७८च्या तबकडीवर सुई बाहेरच्या कडेला केंद्रापासून १२ सेंटिमीटरवर आणि शेवटी ५ सेंटिमीटरवर असते. दोन्ही ठिकाणी सुईखालून खाच सेकंदाला किती सेंटिमीटर सरकते ते काढा. ५,००० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट प्रत्येक ठिकाणी किती लांब असेल? यावरून गाण्याचा शेवट सुरुवातीपेक्षा मंद का वाटतो ते सांगा.

४. आपल्याकडील विजेच्या साध्या बल्बचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. पुठ्ठ्याच्या चकतीच्या कडेला समान अंतरावर ७७ काळ्या रेघा काढा आणि ती फिरत्या तबकडीवर ठेवा. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर आहे. ७७ रेघाच का? आणि ३३⅓ फेऱ्यांसाठी किती रेघा लागतील?

उत्तरे वहीत लिहा. घरी कोणाकडे तबकडी असेल, तर तिच्या मधल्या कागदावरील गाण्याचे, गायकाचे नाव आणि तबकडीचा क्रमांकही उतरवून ठेवा. कागद आधी झिजतो, आणि त्यानंतर ती तबकडी कोणाची, हे सांगणारे कोणी उरत नाही.